एकाच फुलाची बिअर

सुसंस्कृत माणसाला कडू गोष्टी आवडून घ्याव्या लागतात. सिंगापूरला मरीन परेडच्या कॉन्डोत राहणाऱ्या निशिकांतने २०१४ साली हे फारच मनावर घेतलं. पुण्यात असताना तो मिळेल ती गार बिअर पीत असे. (तेव्हा तो सुखी होता, पण नुसत्या सुखाला अभिरुची म्हणत नाहीत.) आता तो घरीच आयपीए, म्हणजे चांगली कडू बिअर, करणार होता. तीही एकाच वाणाचं हॉप घालून. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारं फूल. निशिकांतने मागवलेल्या वाळक्या हॉपला म्हणे आंब्याचा वास होता.

"मग आंबाच खा ना," त्याची बायको विनीता म्हणाली. सदर सूचना तांत्रिक स्वरूपाची नसल्याने विचारात घेतली गेली नाही.

निशिकांतने फ्रीझरमधून पुडी काढली, डोळे मिटून हुंगली, "आंबा!" म्हणाला आणि अख्खी पुडी उकळत्या पातेल्यात रिकामी केली. सिंगापूरच्या उकाड्यात बिअर बिघडू नये म्हणून बेडरूम एसीसकट बिअरला देण्यात आली. नवरा-बायको हॉलमध्ये पंख्याखाली झोपू लागले. विनीताला घामोळं आलं. बिअरची प्रकृती उत्तम होती.

बिअर तयार झाल्यावर मित्रांना चाखायला बोलावलं. क्लेमेंटीहून पद्माकर आला. हा तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, आणि बिअरमधला जाणकार (दाढी होती). घोट तोंडात घोळवून तो म्हणाला, "आंबा. मागून लिची." लगेच सगळ्यांना लिची लागली. निशिकांतचे डोळे भरून आले.

मग विनीताने पनीर वाढलं. पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. तिने स्वतः चाखलं, आत गेली आणि उरलेली पुडी घेऊन आली.

"अरे, फ्रीझरमध्ये उरलेली ही पुडी कसुरी मेथीची नाहीये. तुझं हॉप आहे. मी पनीरमध्ये चुरडून घातलं."

"मग बिअरमध्ये?"

"मेथी."

निशिकांतने ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"तरीच!" पद्माकर म्हणाला. "मेथी मला पहिल्याच घोटाला लागली होती. उगाच बोललो नाही." बाकीचेही उगाच बोलले नव्हते, असं निष्पन्न झालं.

"आणि पनीरला आंब्याचा वास येतोय का?" विनीताने विचारलं.

"छे हो वहिनी, ते नुसतं कडू झालंय," पद्माकर म्हणाला.

वाचकहो, पुडी बदलल्याचं तुमच्याही अगदी सुरुवातीलाच लक्षात आलं होतं, उगाच बोलला नाहीत. या, बसा. ग्लास भरतोय.