घंटागाडीवरचं गाणं

घरातला कचरा ग्रामपंचायतीने उचलावा आणि मनातला ज्याचा त्याने बघावा, अशी आपल्याकडे कामाची रीतसर वाटणी आहे. कामशेतच्या अलीकडच्या एका ग्रामपंचायतीने मात्र दोन्ही कामं एकाच गाडीत उरकली, म्हणून तिचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

त्या गावच्या घंटागाडीवर पूर्वी स्वच्छतेचं गाणं वाजायचं. ते ऐकलं की लोक दारं लावून घेत. एकदा पेनड्राइव्ह भिजला आणि ड्रायव्हर केरबाने स्वतःच्या खिशातला लावला. त्यात एकच गाणं होतं. ते. (कॅसेटच्या जमान्यातलं, प्रेमाचं, संथ चालीचं, दुसऱ्या कडव्यापासून कुणालाच पाठ नसलेलं.)

दुसऱ्या दिवसापासून गाव रस्त्यावर. कचरा संकलनात ऐंशी टक्के वाढ झाली, त्यातला निम्मा कचरा नव्हताच (ताजी मेथी, चालू वर्षाचं कॅलेंडर, एक नवीकोरी उशी). शिवाय ओला आणि सुका यांच्या जोडीला तिसरा वर्ग निघाला: रिकामी बादली धरून गाणं संपेपर्यंत उभे राहणारे नागरिक. तालुक्याने पंचायतीला प्रशस्तिपत्र दिलं.

निर्मलाचा नवरा दत्ता याच तिसऱ्या वर्गातला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बादली कुठे ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आता गडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी हजर. निर्मलाला आधी बरंच वाटलं. मग एकदा मागोमाग जाऊन बघते तर हा डोळे मिटून उभा, आणि तोंडावर असलं हसू, की तसलं लग्नाच्या एकाही फोटोत नव्हतं. गाणं त्यांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं, हा हिशोब तिने जागच्या जागी केला.

“अवं, कुनाची आठवन येती?”

“कुनाची न्हाई. कचऱ्याचं बगतोय.”

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण कुणाच्या जागेवर राहतोय की काय, या विचाराने तिला जेवण जाईना. तिने सरळ ग्रामसभेला अर्ज दिला: ‘सदर गाणे कौटुंबिक शांततेस बाधक असल्याने तत्काळ बंद करण्यात यावे.’

सभेला गर्दी लोटली (पाणीपट्टीच्या सभेला सहा जण होते). ग्रामसेवक म्हणाले, सदर गाणे नेमके कोणते, याची सभेने खात्री करून घेणे नियमास धरून होईल. केरबाने गाडी दाराशी आणली आणि गाणं लावलं.

पहिल्याच ओळीला सत्तरीच्या कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. सरपंच राजेंद्रभाऊ पंख्याकडे बघत राहिले. आणि निर्मलाला, काही ध्यानीमनी नसताना, माहेरची, वडिवळ्याची एसटी आठवली. ती कॉलेजला कामशेतला यायची तेव्हा रोज खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवणारा एक निळा स्वेटर. त्याचं आडनावही तिला कधी कळलं नव्हतं.

गाणं संपलं. ग्रामसेवक म्हणाले, “ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.”

एकही हात वर गेला नाही. मांडणारीचाही नाही.

“का गं, हात का न्हाई वर केलास?” घरी जाताना दत्ताने विचारलं.

“खांदा दुकतोय,” निर्मला म्हणाली.

त्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही, म्हणून ती मनातून त्याची आभारी होती. बिचाऱ्याचीही कुणीतरी राहून गेली असेल, असं वाटून तिने त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं. गाणं अजून चालू आहे आणि गावातली भांडणं निम्म्यावर आली आहेत.

गाण्याचं नाव आम्ही कुठेही दिलेलं नाही, तरी आपल्याला ते मघापासून ऐकू येतंय, याची आम्हाला कल्पना आहे. आता एवढंच करा. शेजारच्या खोलीत जे माणूस बसलंय त्याच्याकडे एकदा नीट बघा, आणि गाण्यात दिसला तो चेहरा हाच का, ते सांगा. मोठ्याने नाही सांगितलंत तरी चालेल.