जुन्या डिस्कची बढती

"बाबा, तुम्ही दुरुस्त केलेली एखादी तरी वस्तू नंतर चालली आहे का हो?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती. जिला घरीदारी सगळे तोफ म्हणत, ती पैजेला मागे हटणार थोडीच! शिवाय चष्मिस नावाची तिची जिवलग मैत्रीण साक्षीदार म्हणून फोनला कान लावून बसलेली.

पोट उघडून टेबलावर आडव्या पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरून बाबांनी मान वर केली. "का? टेबलफॅन केला होता की!"

"तो हल्ली फक्त आवाज देतो, वारा नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि त्यातले उरलेले स्क्रू अजून माझ्या डबीत आहेत."

"ते जादाचे असतात. कंपनीच देते!"

फोनमधून चष्मिस फिस्सकन हसली. तोफेला मात्र हसू येईना. वर्गाने खपून केलेला लघुपट त्या कॉम्प्युटरच्या पोटात होता आणि उद्या सकाळी तो अख्ख्या शाळेसमोर दाखवायचा होता. डिस्क इतकी गच्च भरली होती की शेवटचा प्रसंग जोडायला जागा नव्हती, मग दुसरी प्रत कुठली असणार! बाबांनी नवी डिस्क आणली. ती जोडायला आत खाच शिल्लक नव्हती, म्हणून जादा डिस्क जोडायची सोय करून देणारं एक कंट्रोलर कार्डही आणलं. "दुकानात नेऊ या ना," असं ती दोनदा म्हणाली होती. पण दुकानदाराकडे जाणं म्हणजे बाबांना शत्रूपुढे शस्त्रं टाकल्यासारखं वाटे.

कार्ड बसेना. बाबांनी गुडघा टेकवून बसवलं. नव्या डिस्कला विजेची वायर पुरेना. बाबांनी आतल्या पंख्याची उपटून तिला दिली.

"अहो, तापेल ना ते!" तोफ ओरडली.

"खिडकी उघडतो," बाबा म्हणाले. आणि खरंच उघडली.

मग त्यांनी ऐटीत बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली : चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

बाबांनी पुन्हा बटण दाबलं. मग प्लग काढून फुंकर मारली. शेवटी बाजूला एक चापट. अक्षरं ढिम्म हलली नाहीत.

"जुनी डिस्क गेली बहुतेक," बाबा टोपी काढल्यासारख्या आवाजात म्हणाले. "वय झालं होतं तिचं."

"गेली? आणि आमचा लघुपट?" तोफेचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. फोनमधलं हसूही बंद पडलं. "बाबा, तुम्ही नक्की काय केलंत?"

"रीतसरच केलं की!" बाबा ऑफिसात बदल्या आणि बढत्यांच्या टेबलावर बसत. "हे कार्ड नवं, वेगवान. म्हणजे मानाची जागा. तिथे कोण बसणार? सेवाज्येष्ठ कोण, ते बघायला नको? जुनीला बढती दिली. नवी आजच रुजू झालीय, तिला जुनीच्या जागेवर टाकली."

तोफेने कपाळावर हात मारला. "अहो बाबा! कॉम्प्युटर उठल्या उठल्या जुन्या जागी जातो आणि विंडोज मागतो. तिथे बसलीय कोण, तर कोरी करकरीत नवी! तिला काय ठाऊक? आणि या कार्डाची ओळख त्याला पटणार विंडोज सुरू झाल्यावर. विंडोज कुठेय? जुनीच्या पोटात. जुनी कुठेय? कार्डावर!"

बाबांनी वायरींवरून बोट फिरवत कोण कुठे बसलंय ते ताडून पाहिलं. "पण सेवाज्येष्ठता..."

"रद्द!"

"चौकशीशिवाय खाली आणायचं? अपिलात जाईल ती."

"जाऊ दे. स्क्रू ड्रायव्हर इकडे द्या."

तोफेने जुनीला जुन्या जागी बसवलं, नवीला कार्डावर पाठवलं. पंख्याची वायर पंख्याला परत केली आणि कोणी न वापरणाऱ्या सीडीच्या खणाची वायर काढून नव्या डिस्कला दिली. बटण दाबताना तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तर समोर नेहमीचा निळा पडदा, आणि त्यावर लघुपट जागच्या जागी. फोनमधून चष्मिस अशी किंचाळली की आई उलथनं घेऊनच बाहेर आली.

"शेवटी मीच आणलेलं कार्ड ना!" बाबा म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

तोफेने शेवटचा प्रसंग जोडला, झाकण लावलं आणि हात झटकले. आईने टेबल पुसायला फडकं फिरवलं, तशी काहीतरी टिणकन वाजलं.

"अगं, हा स्क्रू कुठला?"

तोफेने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तो जादाचा असतो गं, कंपनीच देते. आणि आई-बाबा, ऐका, माझं ठरलंय. उद्या शाळेतून आले की मी मिक्सर उघडणार आहे."