तीन प्लसच्या शिक्क्यावरून चिखलीस झालेले युद्ध

श्रीगजानन प्रसन्न. चिखली प्रांती नक्षत्रवेल नामे सात मजली गृहसंस्था आहे. तेथे संगणकावरील एका खेळापायी जे युद्ध माजले, त्याची खरी हकीकत जाणत्यांनी पुसली, सबब डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकिले ते येथे लिहिले आहे. ऐकिलेले कित्येक शब्द मात्र गाळिले आहेत, कारण तेच या युद्धाचा दारूगोळा होते आणि अद्याप गरम आहेत.

संस्थेचे अध्यक्ष राजमान्य राजश्री चिमाजीराव, पेशा कारखान्यातील तपासनीस, हल्ली निवृत्त. उभी हयात त्यांनी लोखंडी सुट्या भागांवर हिरवे ओके स्टिकर लाविले, आणि सवय अशी जडली की स्टिकर दिसताच डोळे आपोआप मिटावे. त्यांनी क्लबहाऊसात मुलांकरिता संगणक मांडविला आणि बस हाकण्याचा एक खेळ आणविला. खोक्यावर वयाचा शिक्का होता, तीन प्लस, म्हणजे तीन वर्षांपासून पुढे सर्वांस खेळण्याची मोकळीक. तो शिक्का खासा अध्यक्षांनी कापून, चौकटीत बसवून, दारावर टांगिला.

मग तिसऱ्या मजल्यावरील रविराज नामे उमद्या कारागिराने खेळात हात घातला. मूळ खेळात परमुलखातील गुळगुळीत रस्ता, कडेस गाई आणि मुके उतारू. रविराजाने त्यात आपले तुकडे जोडिले. या जोडकामास मॉड म्हणतात. रस्ता जाऊन चाकणचा रस्ता आला, खड्डे आले, कंपनीची बस आली, आणि ड्रायव्हरास वाचा फुटली. हॉर्न दाबावा आणि ड्रायव्हरने उतारूंच्या सात पिढ्या काढाव्या, ऐसा चमत्कार झाला. आता जाणावे की शिक्का देणाऱ्या मंडळाने तपासला तो मूळ खेळ. घरोघरचे मॉड तपासण्यास त्यांचा सरदार स्वारी करीत नाही. आत माल बदलला, बाहेर शिक्का तोच राहिला. इतकी साधी गोष्ट समितीच्या ध्यानी आली नाही, कारण ध्यान देणे हा विषय समितीच्या कार्यसूचीवर नव्हता.

पाचव्या मजल्यावर नेहाबाई राहात. निघोज्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीस कंत्राटावर. घरी त्या आणि सात वर्षांची कन्या दिव्या, तिसरे माणूस नाही. सकाळी दिव्याने शाळेच्या बसमध्ये चढावे, मग नेहाबाईंनी कंपनीची बस गाठावी, या दोन बसांवर त्या घराचा संसार उभा. एके दिवशी शाळेच्या बसमधील मावशी शालनबाई दिव्यास म्हणाल्या, "सरक गं बाळा." आणि बाळाने क्लबहाऊसातील ड्रायव्हरचे संपूर्ण वाक्य, चढउतारासह, खणखणीत म्हणून दाखविले. शालनबाईंनी मुलीस उतरविले आणि बंदी घातली की, जिने हे शिकविले ती आई येऊन कबूल होईतो पोर गाडीत चढणार नाही.

नेहाबाईंनी परोपरीने सांगितले की हे क्लबहाऊसाचे शिक्षण; शालनबाई मानीनात. नेहाबाईंचे खाडे पडू लागले, आणि कारखान्यातून निरोप आला की सोमवारी हजर, नाहीतर कायमची रजा. तेव्हा त्या समितीपुढे गेल्या आणि मागणे केले की मॉड काढावा, आणि चूक संस्थेची हे शालनबाईंस सांगावे.

समितीने मसलत केली, चहा केला, पुन्हा मसलत केली. मग अध्यक्षांनी दारावरील चौकटीकडे बोट करून निवाडा दिला, "नेहाताई, ड्रॉइंग वाचायला शिका. तीन प्लस. मायनसला टॉलरन्स नाही, म्हणजे कमीला सूट नाही; प्लसला मर्यादा नाही. दिव्या सात. तीनच्या प्लसमध्ये बसते. पार्ट ओके." जन्मभर मिलिमीटर मोजिलेल्या पुरुषाने मुलीचे वयही मिलिमीटरात मोजिले, आणि समितीतील पाचही वीरांनी माना डोलविल्या, कारण पाचही चाकणच्याच पट्ट्यातील कारखान्यांतून मान डोलवीत निवृत्त झाले होते.

नेहाबाई म्हणाल्या, "काका, सगळ्यांसमोर एकदा आपण खेळून दाखवा. तेवढंच."

अध्यक्षांस यात अपमान दिसेना, आणि खेळाची हौस तर होतीच. रविवारी दुपारी क्लबहाऊस भरले. पत्नी केसरबाई, मूळच्या मावळातल्या, पहिल्या खुर्चीवर बसल्या. चिमाजीरावांनी चष्मा पुसला, बस सुरू केली, पहिला खड्डा चुकविला, दुसऱ्यात गेले आणि हॉर्न दाबला. ड्रायव्हर बोलला. एका नमुन्यावर निकाल देऊ नये या तपासनीसी शिस्तीने अध्यक्षांनी हॉर्न पुन्हा दाबला. ड्रायव्हर अधिक बोलला.

"अवं!" केसरबाई उठून उभ्या राहिल्या. "ह्ये तर तुमीच! पार्किंगच्या मिटिंगला असंच वरडला व्हता न्हवं?"

सर्वांच्या माना रविराजाकडे वळल्या. तो म्हणाला, "काका, त्या मिटिंगचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतच होता, त्यातूनच घेतला. असा ओरिजिनल आवाज कुठं मिळतो राव?"

अध्यक्षांचा चेहरा प्रथम पांढरा, मग तांबडा झाला, आणि ते कडाडले, "हा रिवर्क झालेला माल आहे! रिवर्कला जुना स्टिकर चालत नाही! अठरा प्लस करा! अठरा!"

फेरफार केलेल्या मालास नवा तपास हवा, हा त्यांच्याच धंद्याचा पहिला नियम. परंतु दिव्याच्या कानांसाठी तो आठवला नाही, स्वतःच्या अब्रूसाठी अर्ध्या क्षणात आठवला.

नेहाबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, आपण तर साठ प्लस. तरी आपल्याला सोसलं नाही."

तत्क्षणी चौकट उतरविण्यात आली, मॉड काढण्यात आला, आणि समितीने स्वतःसाठी टाळ्या वाजविल्या. बालसंस्काररक्षणार्थ अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठरावही तयार झाला. नेहाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी विचारिले की दिव्याच्या सीटचे काय. उत्तर मिळाले की सेक्रेटरींस पाठवू, सवडीने. तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज तुमचा होता काका. पायही तुमचेच हवेत. आणि उद्याच हवेत."

"जावा की," केसरबाई म्हणाल्या, "वरडाया जिना उतरून ग्येला व्हता, सांगाया उतराया काय हुतंय?"

सोमवारी सकाळी खासा चिमाजीराव फाटकाशी दाखल झाले, इस्त्रीचा सदरा, पायी चपला, पाठीशी फौज नाही. शाळेची बस आली. शालनबाई दारात उभ्या, हात आडवा. दिव्या दप्तर घेऊन उभी, आणि नेहाबाईंची नजर रस्त्याच्या त्या टोकास, जेथून कंपनीची बस येत होती. चिमाजीरावांनी प्रस्तावना मांडली, मंडळ, शिक्का, मॉड, तांत्रिक बाब ऐसे बोलत गेले. शालनबाईंनी एकच विचारिले, "शब्द कुणाचा, ते सांगा."

मग अध्यक्ष, ज्यांचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत जात असे, ते बारीक बोलले, "माझा. पोरीचा नाही. तिच्या आईचाही नाही."

शालनबाईंनी त्यांस वरपासून खालपर्यंत न्याहाळिले आणि निवाडा दिला, "मग तुम्ही चढू नका गाडीत. पोरीला चढू द्या." आणि आडवा हात काढिला.

दिव्या चढली. नेहाबाई धावल्या आणि कंपनीची बस त्यांस मिळाली. संस्थेच्या दप्तरी ही फत्ते चिमाजीरावांच्या नावे मांडिली आहे. ती नोंद खोटी आहे. येणेप्रमाणे जाहीर करण्यात येते की चिखलीच्या युद्धात शाळेच्या बसमधील एक सीट आणि निघोज्याची पहिली पाळी नेहाबाईंनी राखिली. शत्रुपक्षाची हानी, एक आवाज.