माउंट नेबोच्या मूळ लाकडाचा प्रश्न

इतिहास जपायचा तर आधी तो कुणाचा हे ठरवावे लागते, आणि ठरवायला समिती लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टॅलो काउंटीत अशी समिती आहे व ती अत्यंत निःपक्षपाती आहे. तिने आजवर एक्केचाळीस स्थळांना पितळी फलक दिले: खांबवाल्या हवेल्या एकोणतीस (त्यांत पहिली इथल्या एका गुलाममालक कर्नलची), चर्चे सहा, ओकची झाडे चार, विहीर एक, आणि एक दगड, ज्यावर पाय ठेवून कुणी जनरल घोड्यावर चढला होता. (घोड्याचे नाव नोंदीत आहे. लगाम धरणाऱ्याचे नाही.)

बेचाळिसावा अर्ज व्हर्नेल टिसडेल यांचा होता. बाईंनी शाळेच्या भोजनगृहात पस्तीस वर्षे मक्याचा कॉर्नब्रेड भाजला. गुलामी संपल्यावर त्यांच्या पणजोबांनी दहा जणांना हाताशी धरून माउंट नेबो चर्च उभारले होते. त्यालाही फलक हवा, एवढेच मागणे.

समितीने नियम दाखवला: साठ टक्के लाकूड मूळ हवे. माउंट नेबो तीनदा जाळले गेले आणि तीनदा पुन्हा बांधले गेले. जाळण्याला समितीचा आक्षेप नव्हता. पुन्हा बांधण्याला होता.

"व्हर्नेलबाई, नियम सगळ्यांना सारखा," अध्यक्ष हॉलिस पेटिग्रू मायेने म्हणाले. "कर्नलसाहेबांच्या हवेलीचंही लाकूड तपासलंच की आम्ही."

"तिचं मूळ असणारच हो," बाई म्हणाल्या. "ती कुणी पेटवली नाही."

हे वाक्य इतिवृत्तात 'अर्जदार सहमत' असे नोंदवले गेले.

"निदान काही लेखी पुरावा?" पेटिग्रूंनी विचारले. "चर्चची नोंदवही वगैरे?"

"ती चर्चमध्येच होती."

बाई घरी गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा कर्नलच्या हवेलीचे तिकीट काढले. कुणी आग लावली हे त्यांच्या आजीने त्यांना लहानपणीच सांगितले होते. तिथे काचेखाली ठेवलेल्या कर्नलच्या रोजनिशीचे पान त्यांनी उलटायला लावले. ऑक्टोबर १८६८: 'निग्रोंचे नवे चर्च जाळले. पाइनचे लाकूड उत्तम होते. परतताना गारठा.' खाली सही.

बाईंनी ते तारखेसह उतरवून घेतले.

समितीला अतोनात आनंद झाला. प्रत्यक्षदर्शी, सहीनिशी, तारखेसह! असा भक्कम पुरावा एक्केचाळीसपैकी एकाही स्थळाचा नव्हता. फलक एकमताने मंजूर झाला. मूळ स्वरूपात शिल्लक असलेली वस्तू रोजनिशी, आणि तिचा पत्ता हवेली. म्हणून फलक हवेलीच्या फाटकावर लागला: 'कर्नल येथून माउंट नेबो चर्चकडे निघाले.'

अनावरणाला बाई जांभळी टोपी घालून आल्या. त्यांना दोन मिनिटे बोलायला दिली होती. त्या चर्च बांधणाऱ्या अकरा जणांची नावे वाचू लागल्या. सातव्या नावाला पेटिग्रूंनी आभारादाखल टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी त्या उचलून धरल्या. बाई टाळ्या संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग उरलेली चार नावे वाचली.

"सुंदर बोललात," पेटिग्रू नंतर म्हणाले. "आता समाधान झालं ना?"

"चर्च दोन मैलांवर आहे, साहेब. तुम्ही कधी आला नाहीत."

"एकदा यायचंय हो, नक्की."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हवेलीसमोरच्या वळणावर हाताने रंगवलेली पाटी ठोकली: 'चर्च इकडे. उघडं असतं.'

गेल्या वर्षी हवेली अकरा हजार लोकांनी पाहिली. चर्च एकोणीस जणांनी, त्यांतले सात रस्ता चुकलेले. मात्र लोक निर्दय आहेत असे कुणी समजू नये. हवेलीच्या अभिप्राय वहीत शेकडो जणांनी कळवळून लिहिले आहे, 'पुढच्या वेळी चर्च नक्की बघू.' हवेलीत सावली आहे, थंडगार सरबत आहे, आणि तोवर पाच वाजून जातात. बाई सहापर्यंत दार उघडे ठेवतात.

इथवर वाचताना तुम्हालाही चर्चच बघावेसे वाटले असेल, यात शंका नाही. वहीत जागा भरपूर आहे.