फाटकावरचा ताप

सकाळी साडेसात. आजोबांना ताप आला.

एरवी याची कुणी दखल घेतली नसती. पण नात कालच दवाखान्यातून घरी आली होती आणि आजोबांनी तिला अजून हातात घेतलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर हयात काढलेल्या या माणसाने बाळंतिणीच्या खोलीबाहेर खुर्ची, साबण-पाणी आणि थर्मामीटर मांडलं होतं. अंग नव्याण्णवच्या वर असेल, तर आत प्रवेश नाही. काल खुद्द विहीणबाईंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

आता त्यांचा स्वतःचा पारा शंभरावर होता. कारण त्यांना ठाऊक होतं. नातीसाठी म्हणून त्यांनी आदल्या दिवशी गुपचूप फ्लूची लस टोचून घेतली होती. 'मला जन्मात सुई लागली नाही' असं घरभर ऐकवून ठेवल्यामुळे हे सांगायची सोय नव्हती. त्यांनी तोंडात बर्फ धरला आणि मग आजींसमोर थर्मामीटर लावलं. पारा चौऱ्याण्णवच्या वर सरकेना.

माणूस गार पडत चालला म्हणत आजींनी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ओढत आणलं. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला आणि आजोबा कळवळले. सुनेने बाही वर केली. खाली सुईच्या जागी चिकटवलेली पट्टी होती. आजोबांना लशीचं कबूल करावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या लशीत जिवंत जंतू नसतो, फक्त त्याची ओळख असते. शरीरातले पहारेकरी ती पाठ करतात, म्हणजे खरा जंतू आला की ते त्याला लगेच धरतात. त्या धावपळीत अंग तापतं. बहुधा उद्यापर्यंत उतरेल.

आजोबा ताठ बसले. "म्हणजे आजार नाहीच. आत कवायत चाललीय. सोडा मला."

"बाबा, माझी आईपण काल सांगत होती, उन्हातून आलेय म्हणून अंग गरम आहे," सून म्हणाली. "तिला काय म्हणालात तुम्ही?"

उत्तर आजींनी दिलं. "फाटकावर कारणं ऐकत नाहीत."

दुपारी विहीणबाई पुन्हा आल्या. पारा साडेअठ्ठ्याण्णव. त्यांनी हात धुतले, नातीला पोटभर खेळवलं आणि बाहेर येऊन रिकाम्या खुर्चीत बसल्या.

शेवटची खबर आली तेव्हा आजोबांचा ताप नव्याण्णवच्या जेमतेम वर होता. सुनेने पाळणा दाराजवळ सरकवला होता. आजोबा हात धुऊन रांगेत उभे होते. रांगेत दुसरं कुणी नव्हतं.