राख, लिंबू आणि सरवदे बाई

सरवदे बाईंच्या पर्समध्ये पिळलेली लिंबं असायची. पैसे असोत नसोत, लिंबं असायचीच. भूम गावच्या एसटी स्टँडवरच्या सरबतवाल्याकडून त्या सालं मागून घ्यायच्या. तो बिचारा आधी ओशाळला, मग त्यानं बाईंसाठी एक डबडंच बाजूला ठेवलं.

बाई पंचायत समितीत ग्रामसेविका. आमचे हे तिथंच क्लार्क. त्यामुळं क्वार्टरला क्वार्टर लागून. पहिल्या दिवशी त्या ओळख करून घ्यायला आल्या आणि नाव सांगायच्या आधीच आमच्या दाराची पितळी कडी घासायला लागल्या. साल फिरवलं, वर चिमूटभर मीठ, पदरानं पुसलं. "बघा वहिनी. डागाची काय बिशाद!" मी बघतच राहिले. कडी पितळेची आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं हो!

सोसायटीच्या दुकानात तेव्हा नुकती कपडे-भांड्याची पावडर यायला लागली होती. बायका रांग लावायच्या. बाई साखर घ्यायला म्हणून त्याच रांगेत उभ्या राहायच्या आणि पुढच्या-मागच्या दोघींना फितवायच्या. "अगं, इकत कशाला घेतीस? तुज्या चुलीत फुकट पडलंय की!" दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, तुमी साखर घ्या अन् जावा." बाई म्हणाल्या, "म्या सभासद हाय. उभी ऱ्हायीन."

मग दुष्काळ पडला, आणि बाईंचं राज्य आलं. टँकर दोन दिवसाआड, घरटी चार घागरी. त्यात प्यायचं किती, सांडायचं किती? बाईंनी ओळीतल्या सगळ्या बायकांना आमच्या ओसरीवर बसवलं आणि एका तांब्याभर पाण्यात घरभराची भांडी घासून दाखवली. चाळलेली राख कोरडीच चोळायची, फडक्यानं झटकायची, शेवटी ओला हात. तव्याची चिकटी चहाच्या चोथ्यानं. तांब्याला चिंच. आरशाला जुना पेपर. कुणी "पण बाई..." म्हटलं की त्या डोळे वटारायच्या. "पण-बिण काय न्हाय. आधी घासा, मग बोला."

सगळ्या शिकल्या. माझ्या सासूबाईसुद्धा शिकल्या, आणि त्या सहजासहजी कुणाकडून काही शिकणाऱ्या नव्हेत. बाईंना घरोघर बोलावणी यायला लागली. ओसरीपर्यंत.

आता सांगतेच. बाई बौद्ध. त्यांच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमच्याकडं त्यांना चहा असायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप राहायचा बाहेरच्या कोनाड्यात. चहा मीच ओतायची. वरून, किटली कपाला लागणार नाही अशी. पिऊन झालं की बाई तो कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायच्या. मला लाज वाटायची का? वाटायची. पण ओतायची मात्र तशीच.

एक दिवस बाईंनी तो कप विसळला नाही. पर्समधून लिंबाचं साल काढलं, चुलीपुढची राख मागून घेतली आणि पाचसहा बायकांसमोर मांडी घालून कप घासायला बसल्या. आतून, बाहेरून, तुटक्या कानाच्या बेचक्यातून. दुधासारखा पांढरा केला आणि सासूबाईंपुढं धरला. "ह्याच्याइतकं सोच्छ तुमच्या फळीवर एक भांडं असलं तर दाखवा. नसलं तर ह्ये फळीवर ठेवा."

सासूबाईंनी कपाला हात लावला नाही. बाईंनी कप खाली ठेवला. "बरं. मग ऐका. हितनं पुढं तुमच्या घरचा च्या मला नको. आधी माज्या घरी येऊन प्या, मग म्या तुमच्या घरी पिईन. दर आईतवारी चार वाजता आधण ठिवते. यायचं तर या."

पुढच्या रविवारी चारला त्यांचं दार सताड उघडं होतं. सतरंजी, टेबलावर पांढरा भरतकामाचा कपडा, त्यावर कपबश्या. कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. पण बाई हटल्या नाहीत. दर रविवारी ते दार, ते आधण, आणि दुष्काळातलं ते पाणी. एकट्याच कप हातात धरून दाराकडं तोंड करून बसायच्या, आणि पाठ अशी ताठ की जणू समोर सभा बसलीय. आठवडाभर मात्र बायका त्यांना ओसरीवर हाका मारायच्या, "बाई, समई काळी पडलीय," आणि बाई जायच्या. शिकवायच्या. पाणीदेखील न पिता परत यायच्या.

मला ते दार बघवेना. यांना म्हटलं, तर म्हणाले, "कशाला उगाच?" मला असा राग आला या "कशाला उगाच"चा! त्या रविवारी चारच्या ठोक्याला मी पदर खोचला. सासूबाई म्हणाल्या, "कुठं निघालीस?" म्हटलं, "चहाला."

मला दारात बघून बाई उठल्या आणि उभ्याच राहिल्या. "साखर... साखर किती घेता वहिनी?" शेजारी दोन वर्षं काढली, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार?

कप घेताना बशी त्यांच्याकडून कलली की माझ्याकडून, देव जाणे. अर्धा चहा त्या पांढऱ्या कपड्यावर सांडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसायला पदर पुढं केला तर बाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आधी च्या प्या. गार हुतोय."

प्याले. घरी आले तर सासूबाई दारातच. "आंघोळ कर, मग आत ये."

"पाणी कुठंय आत्या? टँकर परवा येणार. तोवर बाहेर बसते मी. स्वयंपाकाचं तुम्ही बघा."

तासाभरानं त्यांनीच आत बोलावलं. भाकरी थापायचा त्यांना भारी कंटाळा.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. टेबलावर तोच कपडा, आणि माझ्या चहाचा तांबूस डाग तसाच! मी चक्रावले. "बाई, ह्याला लिंबू-मीठ का नाही लावलं? आता वाळून बसला, निघायचा नाही."

"ठाऊक हाय मला," बाई म्हणाल्या, आणि आधण बघायला आत गेल्या.

मग माझ्या लक्षात आलं. त्यांनी कपडा फिरवून अंथरला होता. डाग बरोबर दाराच्या बाजूला आला होता, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा.