रव्याची काडतुसं

बायका वाती वळतात तसे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गायधनी काका रोज सकाळी चहा झाला की काडतुसं वळायला बसतात. मांडीवर टॉवेल, पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात पतंगाच्या कागदाचे कापलेले तुकडे, शेजारी वाटीत मैद्याची खळ. आधी हा कारखाना गॅलरीत चालायचा आणि तयार माल कुरडयांसारखा ओळीने वाळत असायचा. हल्ली तो हॉलमध्ये चालतो. गॅलरीतून हॉलमध्ये यावं लागलं ते माझ्यामुळे.

काडतुसं म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. मीही दचकलो होतो. माझं असं आहे की दचकलो की मी गप्प बसतो, आणि गप्प बसून नको ते करून ठेवतो. तेच सांगायला लिहायला बसलोय.

काका सातपूरच्या एका कारखान्यात, काटेकोर मापाची अवजारं घडवतात त्या टूलरूममध्ये होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात तिथे काका अजून जाडी मोजायचा व्हर्नियर ठेवतात. जगाचे त्यांनी दोनच भाग केलेत, पास आणि रिजेक्ट. पोळी कडेला जाड निघाली, रिजेक्ट. सोसायटीचं नवं गेट बसलं तेव्हा आम्ही नारळ फोडत होतो आणि काका बिजागरीशी वाकून म्हणाले, "दोन सूत आउट आहे. दिवाळीपर्यंत लोंबेल." गेट दसऱ्यालाच लोंबलं. तर काका आमच्यावरच चिडले. "म्हणजे अडीच सूत होतं! मला नीट मोजू का नाही दिलंत?"

काडतुसांचं वेड आलं ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून. जुन्या काळी रिव्हॉल्व्हरला आजच्यासारख्या पितळी गोळ्या नव्हत्या. चक्राच्या प्रत्येक भोकात आधी बंदुकीची दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागून ठिणगी पाडणारी टोपी लावायची. असा सहा भोकांचा संसार. लढाईत एवढी सवड कुणाला? म्हणून दारू आणि गोळी आधीच पातळ कागदात गुंडाळून ठेवत. व्हिडिओत एक दाढीवाला अमेरिकन हौसेने तसली कागदी काडतुसं वळत होता. काकांना बंदुकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना राग आला तो त्याच्या कामाचा. "अरे शरद, हा मनुष्य डोळ्याने मापतो! एक जाड, एक बारीक, आणि वर हसतोय!"

आठवडाभरात कुणा मित्राच्या लेथवरून सहा भोकांचं पितळी चक्र आलं. लाटण्याच्या टोकासारखा निमुळता लाकडी दांडा आला. त्याभोवती कागद गुंडाळायचा, कड चिकटवायची, नळी ओढून काढायची. आत दारूच्या जागी बारीक रवा, वर शिशाच्या गोळीच्या जागी रिठ्याची बी, आणि उरलेलं कागदाचं टोक पिळून त्याची शेपटी. मग ते चक्राच्या भोकात घालून बघायचं. अडकलं, रिजेक्ट. खुळखुळलं, रिजेक्ट.

"पण काका, रिव्हॉल्व्हर कुठाय?" मी विचारलं.

"रिव्हॉल्व्हर कशाला?"

"मग काडतुसं कशाला?"

"तू देवळात घंटा वाजवतोस. दार उघडायला येतं का कुणी?"

शेपटीचं खातं मात्र सुमनकाकींकडे होतं. त्याच्या आदल्या वर्षी काकींना पॅरालिसिसचा झटका आला होता. पाय सावरला. जीभ तर दोन दिवसांत पूर्ववत झाली, आणि काकींची जीभ पूर्ववत होणं म्हणजे काय हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. फिजिओथेरपीवालीने दाबायला एक लाल रबरी चेंडू दिला. काकींनी तो डाव्या हाताने गॅलरीतून भिरकावला, तो खाली माझ्या स्कूटरच्या आरशावर. मी वर बघितलं.

"हवा असेल तर ठेव तुला," काकी म्हणाल्या. "मी काय बालवाडीत आहे?"

आणि आता त्याच काकी शेपट्या पिळत बसायच्या. उजव्या हाताने. हळूहळू, चिडत, काकांना बोलत.

"जन्मभर कारखान्यात काय केलंत? एवढं टोक पिळता येत नाही?"

"माझी बोटं जाड आहेत गं. शेपटी मला जमतच नाही. बघ, फाटली."

काका फाटलेला कागद वर धरून दाखवायचे. रोज चार-दोन तरी फाडायचेच. मी हे सगळं माझ्या खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, काय हा पोरखेळ.

मग एके रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी मालेगावहून आमच्याकडे आली. पहिल्यांदाच. त्यांनी चुकून समोरची बेल दाबली. काकांनी दार उघडलं तेच हातात ताट घेऊन. "या, या! काडतुसं बघणार?" मी धावत बाहेर आलो तोवर काकांनी होणाऱ्या व्याह्यांची करंगळी व्हर्नियरमध्ये धरली होती. "वा, एकदम मापाची! असा माणूस मिळत नाही हो." आणि त्यांच्या करंगळीवर एक रिकामी नळी चढवून दिली. व्याही तशीच करंगळी वर करून आमच्या सोफ्यावर येऊन बसले. पोहे खाताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "शेजाऱ्यांचं लायसन वगैरे आहे ना?"

पुढे लग्न ठरलं, व्यवस्थित पार पडलं. पण त्या रविवारी संध्याकाळी मला धीर नव्हता. मी चौकीत फोन केला. नाव सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ काडतुसं तयार करतात, एवढंच म्हणालो. रवा हा शब्द मी उच्चारला नाही. आत रवा आहे हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. सटाण्याकडचे. मी काही ठाऊक नसल्यासारखा माझ्या दारात उभा. ताटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हाई काय शे?"

"काडतूस," काका अभिमानाने म्हणाले.

हवालदार दोन पावलं मागे सरले. आतून काकींचा आवाज आला, "फोडून बघा हो, चावत नाही ते!"

हवालदारांनी लांब हात करून एक उचललं, शेपटी सोडली. तळहातावर रवा पडला. त्यांनी वास घेतला, मग जिभेला लावला.

"काका, रवा हाय हा."

"बारीक रवा. जाड चालत नाही, नळी फुगते. लिहून घ्या."

"काय लिहू? शिऱ्याचं सामान सापडलं?" हवालदार हसले, पण लगेच सावरले. "नाय काका, हसण्यावारी नेऊ नका. फोन आला होता चौकीत. उद्या कोणी फोटो काढून टाकला तर मला लय उत्तरं द्यावी लागतील. बंद करा हे."

मला वाटलं, काका आता त्यांना चक्रात घालून माप तपासायला शिकवणार. पण काका उठले. ताट उचलून आत गेले.

संध्याकाळी त्यांनी सगळी काडतुसं सोडवली, रवा चाळून घेतला आणि त्याचा शिरा केला. एक वाटी आमच्याकडेही आली. शिऱ्याला किंचित रिठ्याचा वास होता. "काकांनी आठवणीने पाठवलाय, संपवा," बायको म्हणाली. मी संपवला. तक्रार मी केली आणि मुद्देमालही मीच खाल्ला.

वाटी मात्र पुढे कित्येक दिवस आमच्या ओट्यावर पडून होती. न्यायला पाय उचलत नव्हता. खिडकीतून दिसायचं ते वेगळंच. काकी गॅलरीत बसलेल्या, उजवा हात पुन्हा मांडीवर, बोटं हळूहळू आत वळत चाललेली. शेजारी काका पेपर धरून. पान उलटत नसे. काकी कुणाला काही बोलतही नसत, आणि हे जास्त भीतीदायक होतं.

शेवटी बायकोनेच वाटीत साखर घालून ती माझ्या हातात दिली. रिकामी वाटी परत करायची नसते. काकी आत झोपल्या होत्या. काकांनी साखर डब्यात ओतली आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"बोटं आखडायला लागलीत रे," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणालेच होते, चळवळ थांबली की आखडतात. चेंडू तिने फेकला. मणी आणले, तेही फेकले. मग माझ्या डोक्यात आलं, हिला व्यायाम द्यायचा नाही, हिच्याकडे मदत मागायची. पण माझं खरंच अडतंय असं वाटायला हवं ना तिला? पतंगाचा कागद त्याला बरा. हवा तेव्हा फाटतो."

"म्हणजे शेपटी तुम्हाला जमते?"

काकांनी टीपॉयवरचा कागदाचा एक कपटा उचलला आणि माझ्याकडे बघत बघतच पिळला. अशी शेपटी मी त्या ताटात कधी पाहिली नव्हती.

"काका," मी म्हणालो, "तो फोन मी केला होता."

"माहितीये."

"कसं?"

"मजल्यावर दोन फ्लॅट. गॅलरी दिसते ती तुझ्या खिडकीतून. मी माझी तक्रार केलेली नाही. राहिलं कोण?"

"मग मला शिरा का पाठवलात?"

"जास्त झाला होता," काका म्हणाले आणि कपटा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेलो आणि हवालदारांना माझं नाव सांगितलं. काकींच्या हाताचं सांगितलं. "आत रवा हाय हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी समोरची वही मिटली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "घरात बसून करा म्हणावं. गॅलरीत मांडू नका. आणि काडतूस नका म्हणू राव त्याला, दुसरं काहीबी म्हणा."

येताना मी बारीक रवा घेतला, पतंगवाल्याकडून कागद घेतला आणि समोरची बेल दाबली.

"सुमन, हा शरद बघ, शिकायचं म्हणून हट्ट धरून बसलाय," काकांनी तिथल्या तिथे थाप मारली. ताट पुन्हा बाहेर निघालं, पण या वेळी हॉलमध्ये. मी मांडी घालून पहिली नळी वळली. ती नळी होती असं मी शपथेवर सांगणार नाही.

काका चहा टाकायला आत गेले. काकी माझ्याकडे वाकल्या.

"टूलरूममधल्या माणसाला कागद पिळता येत नाही, हे तुला पटलं होतं का रे? आमच्या लग्नात अक्षतांच्या पुड्या ह्यांनीच बांधल्या होत्या. एक सुटली नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "पण ह्यांना बोलू नकोस हं. एवढे मेहनतीने फाडतात."

मी मान डोलावली. गप्प बसणं मला येतं. आता इथे लिहितोय खरा, पण काका छापील गोष्टी वाचत नाहीत. आकडे आणि खुणा असल्या तरच वाचतात.

काका चहा घेऊन आले. "कसा काय आपला अप्रेंटिस?"

काकींनी मी केलेलं काडतूस उजव्या हाताच्या दोन बोटांत उचललं. हात थरथरला, पण त्यांनी सोडलं नाही. नेलं, चक्राच्या भोकात घातलं. ते अर्ध्यावर अडकलं. काकींनी ते उपसून काढलं.

"रिजेक्ट!" त्या म्हणाल्या, आणि त्याच हाताने ते खिडकीकडे फेकलं. खिडकीपर्यंत पोचलं नाही. काकांच्या पायाशी पडलं.

काका ट्रे धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"पास," ते म्हणाले.

"पास कसलं? अडकलं ना अहो!" काकी म्हणाल्या. "आणि ट्रे नीट धरा. सगळा चहा सांडतोय."